आकाशातला फळा आणि परतीचा रस्ता

मित्रांनो, आज सूर्य मावळला की कंपासपेटीतला कोनमापक घेऊन गच्चीवर जा. कोनमापकाच्या सरळ कडेच्या मध्यबिंदूपाशी एक दोरा बांधा आणि दोऱ्याच्या टोकाला खडूचा तुकडा लटकवा. आता दक्षिणेकडे तोंड करा. सरळ कड वरच्या बाजूस धरा, तिच्यावरून आकाशाकडे पाहा आणि दोरा २२ अंशांच्या खुणेवर येईपर्यंत ती हळूहळू तिरपी करीत जा. तुम्ही पुण्यात असाल, तर आता तुमची नजर क्षितिजापासून ६८ अंश उंचीवर लागलेली असेल.

तेथे तुम्हांला काहीच दिसणार नाही. एखादी चांदणी दिसलीच तर तो योगायोग! पण याच दिशेला १९८३ साली भारताने एक उपग्रह ठेवला होता. त्याचे नाव इन्सॅट-१बी. ३० ऑगस्ट १९८३ रोजी अमेरिकेच्या चॅलेंजर या अवकाशयानातून तो वर गेला. पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९८४ पासून, या उपग्रहावरून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दूरचित्रवाणीवरचे पाठ सुरू झाले. देशभरातल्या महाविद्यालयांसाठी जणू आकाशात एक फळाच टांगला गेला.

आता प्रश्न असा, की फळा आकाशात टांगला म्हणजे शिकणे होते का? आणि होत नसेल, तर त्यात कमी काय पडते? आणखी काही वर्षांनी तुम्ही महाविद्यालयात जाल. तोवर शिकवणारी नवी नवी यंत्रे येतील आणि प्रत्येक यंत्र विकणारा तुम्हांला सांगेल, की आता शिकणे अगदी सोपे झाले. तेव्हा यंत्राची पारख कशी करायची, हे आधीच ठाऊक असलेले बरे. ती पारख आपण या आकाशातल्या फळ्यापासून सुरू करू.

न हलणारा उपग्रह

उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. मग आपण एकाच दिशेला बोट दाखवून ‘तो तेथे होता’ असे कसे म्हणू शकतो?

उपग्रह जितका उंच, तितका त्याला एका फेरीला अधिक वेळ लागतो. जमिनीपासून काहीशे किलोमीटरवरचा उपग्रह दीड तासात फेरी पुरी करतो. चंद्राला मात्र सत्तावीस दिवस लागतात. या दोहोंच्या मध्ये एक उंची अशी आहे, की तेथे फेरीला बरोबर २३ तास ५६ मिनिटे लागतात. पृथ्वीलाही स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला तेवढाच वेळ लागतो. ही उंची ३५,७८६ किलोमीटर. विषुववृत्तावर या उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्या बरोबरीनेच फिरतो. त्यामुळे आपल्याला तो एका जागी खिळल्यासारखा भासतो. त्याला भूस्थिर उपग्रह म्हणतात.

इन्सॅट-१बीची जागा तेव्हा ७४ अंश पूर्व रेखांशावर होती आणि पुण्याचा रेखांश आहे ७३.८५ अंश. म्हणजे पुण्याहून पाहिले, तर तो जवळजवळ नेमका दक्षिणेला होता. इतक्या उंचीवरून पृथ्वीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग एकाच वेळी नजरेच्या टप्प्यात येतो. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा सगळा देश त्याच्या एका कटाक्षात मावे.

उपग्रहावरून शिकवण्याचा मोठा प्रयोग आपल्या देशात त्याआधीच झाला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांनी ए.टी.एस.-६ या अमेरिकी उपग्रहावरून थेट कार्यक्रम पाहिले. त्या खेड्यांत उपग्रहाकडे तोंड करून उभ्या केलेल्या छत्र्या कशाच्या होत्या, सांगा पाहू? खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीच्या! त्या लहरींची लांबी जाळीच्या भोकांहून बरीच मोठी होती, म्हणून जाळीही पत्र्यासारखेच काम करी.

पुण्याचा धडा दिल्लीमार्गे पुण्याला

१९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने सुरू केलेल्या पाठांना ‘देशव्यापी वर्ग’ असे नाव होते. आयोगाच्या अध्यक्ष तेव्हा डॉ. माधुरी शहा होत्या. मोठ्या शहरातल्या महाविद्यालयांत चांगले ग्रंथालय असते, प्रयोगशाळा असते, नामवंत प्राध्यापक असतात. तालुक्याच्या गावातल्या मुलामुलींना हे कोठून मिळणार? निदान पडद्यावर तरी मिळावे, हा हेतू.

हे पाठ तयार करण्यासाठी काही विद्यापीठांत माध्यम केंद्रे उघडण्यात आली. सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठातले. गणेशखिंडीतले हे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. २०१४ पासून त्याचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे आहे. विषय जाणणारा प्राध्यापक आणि चित्रण जाणणारा निर्माता दोघे मिळून पाठ बेतत. भरतीओहोटी कशी होते, पेशीचे विभाजन कसे होते, हे खडूने फळ्यावर काढणे अवघड. पण हलत्या चित्रात ते सहज दाखवता येते.

आता या पाठाचा प्रवास पाहा. पुण्यात तयार झालेली चित्रफीत दिल्लीला जाई. दिल्लीहून तो पाठ उपग्रहाकडे पाठवला जाई. उपग्रह तो पुन्हा देशभर खाली सोडी आणि दूरदर्शनची प्रक्षेपण केंद्रे तो झेलून गावोगावच्या संचांपर्यंत पोहोचवीत. विद्यापीठाच्या आवारात केलेला पाठ शेजारच्या महाविद्यालयाला पाहायचा असला, तरी तो आधी दिल्ली आणि आकाश फिरून येणार!

या योजनेने पुष्कळ काही साधले. एका चांगल्या प्राध्यापकाचा आवाज हजारो ठिकाणी एकाच वेळी पोहोचला. पण पाठाच्या वेळेला महाविद्यालयात दुसरा तास असला तर? वीज गेली तर? पाठ इंग्रजीत आणि आपण मराठी माध्यमातले, तर? आणि सगळ्यांत मोठी अडचण अशी, की पाठ चालू असताना एखादे वाक्य कळले नाही, तर काय करायचे? पडद्यापुढे कितीही हात वर केला, तरी पडद्यातले सर थांबत नाहीत. शंका पोस्टकार्डावर लिहून धाडायची आणि उत्तराची वाट पाहायची. तोवर पडद्यावर दुसऱ्याच विषयाचे पाठ होऊन गेलेले!

डेक्कनकडून विद्यापीठाकडे जाताना आपण जंगली महाराज रस्त्याने जातो आणि परत येताना फर्गसन महाविद्यालय रस्त्याने येतो. दोन्ही रस्ते एकेरी. पण एक जाण्याचा, तर दुसरा येण्याचा. म्हणूनच वाहतूक चालते. समजा, यांपैकी एकच रस्ता असता, तर? सगळी वाहने एका टोकाला जाऊन नुसती साचली असती. आकाशातल्या फळ्याचे नेमके हेच झाले. जाण्याचा रस्ता ३६,००० किलोमीटर उंचीवरून होता. येण्याचा रस्ताच नव्हता.

डोळे मिटून सायकल

परतीच्या रस्त्याचे एवढे महत्त्व का, हे सायकलवरून चटकन कळेल. सायकल चालवताना आपण हँडल एकदा सरळ धरून स्वस्थ बसत नाही. सायकल जरा डावीकडे झुकली, की शरीराला ते कळते आणि हात हँडल किंचित वळवतो. पुढे खड्डा दिसला, की आपण बाजूला होतो. दर क्षणाला काय घडले याची खबर परत येते आणि त्या खबरीप्रमाणे आपण पुढची हालचाल करतो. शास्त्रज्ञ याला प्रत्याभरण म्हणतात. आता डोळे मिटून सायकल चालवण्याची कल्पना करा. (कल्पनाच करा, प्रयोग नको!) पायांत कितीही जोर असला, तरी दहा पावलांवर घात ठरलेला.

वर्गातल्या चांगल्या शिक्षकाचे डोळे असेच उघडे असतात. कपाळावरच्या आठ्या पाहून तो थांबतो, दुसरे उदाहरण देतो, एखाद्याला फळ्यापाशी बोलावतो. ज्याला विद्यार्थी दिसत नाहीत, तो शिक्षक कितीही विद्वान असला, तरी डोळे मिटलेला सायकलस्वारच.

शिकणाऱ्यालाही हीच खबर हवी असते. आपल्याला विषय कळला, असे वाटणे वेगळे आणि खरेच कळणे वेगळे. आपण उत्तर द्यावे, ते चुकावे, कोठे चुकले ते कोणी दाखवावे आणि आपण पुन्हा करून पाहावे, या फेऱ्यांतूनच खरे शिकणे होते.

गंमत अशी, की देशव्यापी वर्ग सुरू झाला त्याच वर्षी, म्हणजे १९८४ साली, शिकागो विद्यापीठातले शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. काही विद्यार्थी नेहमीच्या वर्गात शिकले आणि काहींना स्वतंत्र शिक्षक मिळाला. स्वतंत्र शिक्षक मिळालेला साधारण विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या शंभरांपैकी ९८ जणांच्या पुढे गेला, असे त्यांत आढळले होते. पुढच्या संशोधकांना इतका मोठा फरक दिसला नाही. पण फायदा होतो, हे मात्र त्यांनाही आढळले. स्वतंत्र शिक्षकाकडे काय जास्त असते? ज्ञान तेच, पुस्तक तेच. फक्त विद्यार्थ्याचे प्रत्येक उत्तर लगेच पाहिले जाते. परतीचा रस्ता पूर्ण मोकळा असतो.

पण प्रत्येकाला एकेक शिक्षक देणार कोठून? एक हजार विद्यार्थ्यांना एक हजार प्राध्यापक कोणत्याच देशाला परवडणार नाहीत. म्हणून ब्लूम यांनी पुढचा प्रश्न सर्वांपुढे ठेवला : एकट्याने शिकण्याचा हा लाभ अनेकांना कसा देता येईल? शिकवण्याच्या यंत्रांची पुढची सगळी धडपड या प्रश्नाभोवती फिरते.

अर्धा सेकंद

परतीचा रस्ता बांधण्याचे प्रयत्न आपल्याकडेही झाले. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट हा उपग्रह सोडण्यात आला. केवळ शिक्षणासाठी बनवलेला हा आपला पहिला उपग्रह. वजन सुमारे १,९५० किलोग्रॅम. त्याची जागा पुन्हा ७४ अंश पूर्व रेखांश! म्हणजे पुणेकरांच्या गच्चीवरून इन्सॅट-१बी ज्या दिशेला होता, त्याच दिशेला हाही होता. एज्युसॅटच्या योजनेच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निवडले होते. काही केंद्रांवर आता विद्यार्थी नुसते पाहू शकत नव्हते, तर उपग्रहावरूनच शिक्षकाला प्रश्नही विचारू शकत होते.

त्या प्रश्नोत्तराला किती वेळ लागत असेल? हिशेब करू. पुण्यापासून त्या उपग्रहापर्यंतचे तिरपे अंतर सुमारे ३६,१७० किलोमीटर. प्रश्न वर जाऊन खाली यायला याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ७२,३०० किलोमीटरचा प्रवास. रेडिओ लहरींचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर.

७२,३०० ÷ ३,००,००० = ०.२४ सेकंद.

उत्तराला परत तेवढाच वेळ. म्हणजे सर लगेच बोलले, तरी ‘सर, हे कसे?’ आणि ‘सांगतो’ यांच्यामध्ये सुमारे अर्धा सेकंद शांतता. पोस्टकार्डाच्या मानाने ही केवढी मजल!

एज्युसॅट २०१० साली निवृत्त झाला. तोवर काचेच्या तंतूंचे जाळे जमिनीखालून पसरले होते. या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. पुणे ते मुंबई सुमारे १५० किलोमीटर अंतर धरले, तर प्रकाशाला लागतो पाऊण मिलिसेकंद, म्हणजे एक सेकंदाच्या हजार भागांपैकी एक भागही नाही. वाटेतली यंत्रे थोडा वेळ घेतात खरी, पण आता अडचण अंतराची उरली नाही.

२००३ साली आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून अभियांत्रिकीचे पाठ इंटरनेटवर ठेवण्याची योजना हाती घेतली. २०१७ साली केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ सुरू झाले. आता वेळेचे बंधन गेले. पाठ रात्री पाहा, थांबवून पाहा, चार वेळा पाहा. भोर किंवा जुन्नरच्या मुलीलाही तोच पाठ, पुण्याच्या मुलालाही तोच.

मग ब्लूम यांचा प्रश्न सुटला म्हणायचा का?

रस्ता आहे, पण वाहतूक नाही

अमेरिकेतल्या दोन नामवंत विद्यापीठांनी चालवलेल्या इंटरनेटवरच्या अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१९ साली प्रसिद्ध झाली. २०१७–१८ या वर्षात नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी सुमारे तीनच जणांनी अभ्यासक्रम पुरा केला होता! त्यांतले कित्येक नुसते डोकावायला आलेले असतील, हे खरे. पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेला लागलेल्यांत हे प्रमाण बरेच जास्त, शंभरांत सेहेचाळीस होते. तरीही एवढे दिसतेच, की दार उघडे असणे म्हणजे माणूस आत येऊन बसणे नव्हे.

२०२० साली करोनाच्या साथीत शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि वर्ग फोनवर आले. तो काळ तुमच्या घरातल्यांना चांगला आठवत असेल. एका घरात एकच फोन आणि शिकणारी भावंडे तीन. गच्चीच्या एकाच कोपऱ्यात येणारे नेटवर्क. ज्यांच्याकडे सगळे होते, त्यांच्या वर्गात तरी काय होई? पडद्यावर काळ्या चौकोनांची रांग, माइक बंद, कॅमेरे बंद. सर विचारत, “समजले ना?” आणि उत्तर येत नसे. परतीचा रस्ता होता, चांगला रुंद होता, पण त्यावरून कोणी चालत नव्हते.

याचा दोष नुसता यंत्राचा नाही, हेही लक्षात ठेवा. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच खोलीत असले, तरी हा रस्ता बंद असू शकतो. २०१४ साली अमेरिकेत विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या महाविद्यालयीन वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. काही वर्गांत प्राध्यापक नुसते व्याख्यान देत. काही वर्गांत ते मध्येच थांबून प्रश्न सोडवायला देत, विद्यार्थ्यांना आपापसांत चर्चा करायला लावत. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणारे शंभरांत सरासरी ३४ होते; दुसऱ्या प्रकारच्या वर्गांत २२. हा फरक कोणत्याही महागड्या यंत्राने पडलेला नव्हता. विद्यार्थ्यांना काही करायला लावले आणि ते कसे झाले हे पाहिले, एवढ्याने तो पडला होता.

१९१३ साली थोर संशोधक एडिसन यांनी असे भाकीत केले होते, की चित्रपटामुळे शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील. त्याला शंभरांहून अधिक वर्षे झाली. पुस्तक तुमच्या दप्तरात आहेच! चित्रपट, रेडिओ, दूरचित्रवाणी, प्रत्येकाचे असेच हारतुरे देऊन स्वागत झाले. यांतले कोणतेच यंत्र टाकाऊ नव्हते. पण ही यंत्रे बोलत होती, ऐकत नव्हती.

ऐकणारे यंत्र

आता मात्र असे यंत्र आले आहे, जे ऐकल्यासारखे करते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संगणकाला तुम्ही मराठीत प्रश्न विचारा. तो मराठीत उत्तर देतो. ‘कळले नाही’ म्हणा. तो वेगळ्या शब्दांत सांगतो. तो कंटाळत नाही, रागावत नाही, रात्री दोन वाजताही जागा असतो.

असा प्रयत्न नवा नाही. १९६० साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची संगणकावर शिकवण्याची व्यवस्था सुरू झाली होती. पण तिला आधीच भरून ठेवलेले प्रश्न आणि आधीच ठरवलेली उत्तरेच ठाऊक असत. कोणी काही वेगळेच विचारले, की गाडी अडे. आजचा संगणक अफाट मजकुरावरून शब्दांच्या जुळणीचे नमुने शिकलेला असतो आणि आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता असावा, याचा अंदाज बांधत उत्तर रचतो. म्हणून तो कशाहीवर बोलू शकतो. आणि म्हणूनच कधीकधी चुकीची गोष्टही तितक्याच ठामपणे सांगतो. ज्या भाषेतला मजकूर कमी, त्या भाषेत त्याची चूक होण्याचा संभव अधिक. मराठीतला मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच थोडा आहे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने आपल्या लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. लिपी आली, आता तिच्यात ज्ञान भरायचे काम तुमच्या-आमच्यापुढे आहे.

हे यंत्र म्हणजे ब्लूम यांना हवा असलेला स्वतंत्र शिक्षक का? तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक विद्यालयात यावर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. सुमारे एक हजार विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाने गणिताचा सराव नेहमीसारखा वही-पुस्तक घेऊन केला. दुसऱ्या गटाला विचारेल त्याचे उत्तर देणारा संगणक दिला. तिसऱ्या गटालाही संगणक दिला; पण तो थेट उत्तर न देता, शिक्षकांनी ठरवलेल्या सूचना देऊन पुढची पायरी सुचवी.

सरावात दुसऱ्या गटाचे गुण पहिल्यापेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त आले. वाहवा! पण मग संगणक काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा हाच गट पहिल्या गटापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. संगणक नव्हताच, त्यांच्यापेक्षाही मागे! तिसऱ्या गटाने सरावात दुसऱ्याहूनही मोठी उडी घेतली आणि परीक्षेत त्यांचे नुकसान जवळजवळ झाले नाही. मात्र फायदाही दिसला नाही.

असे का झाले असेल? दुसऱ्या गटातल्या अनेकांनी यंत्राकडून उत्तरच मागून घेतले होते. प्रश्न यंत्राकडे गेला, उत्तर यंत्राकडून आले, आणि विद्यार्थी मध्ये नुसता उभा राहिला. परतीच्या रस्त्यावरून त्याची स्वतःची चूक परत यायला हवी होती. पण त्याने चूक करायची संधीच घेतली नाही.

पडद्यावरचा लंबक

शिकवण्याच्या यंत्रांचा आणखी एक प्रकार पाहू. देशातल्या बारा संस्थांनी मिळून ‘आभासी प्रयोगशाळा’ तयार केल्या आहेत. १८५४ साली सुरू झालेले आपले पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, आताचे सी.ओ.ई.पी. तंत्रज्ञान विद्यापीठ, हे त्यांपैकी एक. ज्या महाविद्यालयाकडे महागडे उपकरण नाही, तेथला विद्यार्थी पडद्यावर तो प्रयोग करून पाहू शकतो. घातक रसायनांचे किंवा उच्च विद्युत्‌दाबाचे प्रयोग आधी पडद्यावर करावेत, हे शहाणपणाचेच आहे.

पण एक साधा प्रयोग खराखुरा करा. दोऱ्याला जड नट बांधून टांगा. टांगलेल्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर लांबी ठेवा. नट थोडासाच बाजूला ओढून सोडा आणि २० आंदोलने मोजा. सुमारे ४० सेकंद लागतील. आता तो खूप बाजूला, ६० अंशांपर्यंत, ओढून सोडा. वेळ ४० सेकंदांहून जास्त लागतो! पुस्तकातले सूत्र तर सांगते, की वेळ फक्त लांबीवर अवलंबून असतो. मग सूत्र चूक का? नाही. ते सूत्र लहान कोनांपुरतेच आहे. पडद्यावरच्या लंबकात कोणी नुसते पुस्तकी सूत्र भरले असेल, तर तो निमूटपणे ४० सेकंदच दाखवील. हवेचा अडथळा, दोऱ्याचा ताण, तुमचा चुकलेला आकडा, यांपैकी जे भरले नाही ते त्याला ठाऊक नाही. खरा लंबक मात्र तुमच्याशी हुज्जत घालतो. आणि निसर्गाचा हा उलट जबाब म्हणजेही परतीचा रस्ताच.

उद्याचे महाविद्यालय

मग उद्याचे महाविद्यालय कसे असावे? सांगण्याचे काम यंत्राकडे जायला हरकत नाही. उत्तम प्राध्यापकाचा पाठ घरी किंवा वसतिगृहात पाहून यावा. आपण अडलो कोठे, हे यंत्राने सूचना देत देत शोधून काढावे. त्यातून वाचलेला वर्गातला वेळ वाद घालायला, गणिते सोडवायला, प्रयोग करायला आणि चुकायला वापरावा. तेथे शिक्षक लागेलच. पण तो आता फळ्याकडे तोंड करून बोलणारा नसेल, तर बाकांमधून फिरून वह्यांत डोकावणारा असेल.

हे आपोआप होणार नाही. यंत्र विकत घेणे सोपे, माणूस नेमणे खर्चाचे. त्यामुळे ‘पडदा आहे ना, मग शिक्षक कशाला?’ असे म्हणण्याचा मोह होईल. असे झाले, तर ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना शिक्षकही मिळेल आणि यंत्रही. बाकीच्यांच्या वाट्याला नुसता पडदा येईल. १९८४ साली आकाशात फळा टांगला, तो तालुक्याच्या गावातल्या मुलांसाठी. त्यांनाच परतीचा रस्ता मिळाला नाही, तर इतक्या वर्षांच्या खटाटोपाचे फळ काय?

म्हणून शिकवण्याचे कोणतेही नवे यंत्र पुढे आले, की तुम्ही तीन प्रश्न विचारा. एक, मला कळले नाही हे याला कळते का? दोन, हे माझ्याकडून काही करून घेते, की माझ्याऐवजी स्वतःच करून टाकते? तीन, हे अडले, तर मी ज्याच्याकडे जाईन असा माणूस जवळ आहे का?

करून पाहा

शेवटी एक प्रयोग. सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगासारखाच हा आहे. वर्गातले दहा-बारा मित्र-मैत्रिणी जमवा. एक पानभर मजकुराचे, साधारण सारख्या अवघड असे दोन धडे निवडा. पहिला धडा सात मिनिटे वाचा आणि लगेच पुन्हा सात मिनिटे वाचा. दुसरा धडा सात मिनिटे वाचा, पुस्तक मिटा आणि आठवेल ते सात मिनिटे कोऱ्या कागदावर लिहा. निम्म्या मुलांनी धड्यांची अदलाबदल करावी, म्हणजे एखादा धडा मुळातच सोपा असल्याचा फायदा कोणाला मिळणार नाही. आठवड्याने कोणालाही न सांगता दोन्ही धडे आठवून लिहायला लावा आणि मुद्दे मोजा.

त्या विद्यापीठातल्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारले, तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के मुद्दे आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. तुमच्या वर्गात काय आढळते? आकडे वहीत नीट मांडा आणि आम्हांला पत्राने कळवा. वेगळे आढळले, तर ते जरूर कळवा. हे मासिकही तुमच्याकडे एकेरी रस्त्यानेच येते. परतीचा रस्ता तुमच्या पत्राचा आहे.